वीतभर पेटीतल्या चुण्या

आधी हातात सुई घ्या. मशीन यायला अजून अवकाश आहे.

साल १८५०, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य, हिवाळा. दुपारी चारलाच अंधारून आलंय, म्हणून खुर्ची खिडकीपाशी ओढून तुम्ही बसला आहात. मांडीवर लॉनचं पांढरं कापड आहे, इतकं तलम की खालच्या बोटांची नखंसुद्धा दिसतात. घरातल्या तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा जवळ आलाय आणि त्याच्या पायघोळ झग्याच्या घेराला टक घालायचे आहेत. कापडाची एक बारीक आडवी घडी, तिच्या बुडाशी टीप, मग थोडी मोकळी जागा, मग पुन्हा घडी. असे बारा टक, एकेक पाव इंचाचा.

कापडातला एक धागा सुईच्या टोकाने अलगद उचला आणि हळूहळू ओढून काढा. तो निघाल्यावर जी फट दिसते ती तुमची सरळ रेघ. त्या रेघेवर कापड दुमडायचं, नखाने घडी बसवायची आणि पुठ्ठ्याचा तो छोटा तुकडा हाती घ्यायचा. त्याच्या कडेला दोन खाचा कापलेल्या आहेत. एका खाचेने टकाची रुंदी कळते, दुसरीने पुढच्या घडीची जागा. पुठ्ठा घडीला लावायचा, टाचणीने खूण करायची, इंचभर सरकवायचा, पुन्हा खूण. साऱ्या घेरभर. मग धावदोरा, आणि तोही इतका बारीक की हातभर अंतरावरून टाका दिसता कामा नये.

सहाव्या टकापाशी थांबून बघा. पहिले दोन अगदी समांतर आहेत. तिसऱ्यात सुताएवढा फरक पडलाय. चौथा तिसऱ्यावरून मोजलात, त्यामुळे तोच फरक त्यात उतरलाय आणि वर त्याचा स्वतःचा थोडासा. प्रत्येक टक आधीच्या टकावरून मोजला जातो, म्हणून चूक साठत जाते. टाके बारीक घालणाऱ्या बायका पुष्कळ असतात. बाराव्या टकापर्यंत ही साठणारी चूक आवरून धरणारी विरळा. या कामाचं सगळं कसब इथे आहे आणि सगळा शीणही इथेच आहे.

झालर तर पुढेच आहे. लांब पट्टीच्या कडेने जवळजवळ धावदोऱ्याच्या दोन ओळी घालायच्या, दोन्ही दोरे एकदम धरून पट्टी गोळा करायची, निम्म्याला निम्मी, पावाला पाव अशा टाचण्या लावून चुण्या सारख्या वाटायच्या. मग सुईच्या टोकाने एकेक चुणी खाली ओढून शेजारच्या चुणीला लगटून बसवायची, आणि शेवटी एकेक चुणी पकडत ती पट्टी झग्याला जोडायची. दिवा लावा. आज हे संपत नाही.

इथून थोड्या अंतरावर, बॉस्टनमध्ये, आयझॅक मेरिट सिंगर नावाचा माणूस याच वर्षी एका कारखान्यात शिवणयंत्राच्या मागे लागलाय. १२ ऑगस्ट १८५१ रोजी त्याला पेटंट मिळेल. एलायस हाउने त्याआधी, १८४६ मध्येच, आपलं पेटंट घेऊन ठेवलंय आणि दोघांमधले दावे पुढे गाजणार आहेत. त्या भांडणात तुम्ही अडकू नका. दहा वर्षं पुढे चला.

आता टेबलावर मशीन आहे. व्हीलर अँड विल्सन कंपनीने हाताची आणि मशीनची तुलना करणारा एक तक्ता छापलाय. पुरुषाचा शर्ट हाताने १४ तास २६ मिनिटं, मशीनवर १ तास १६ मिनिटं. छिटाचा साधा झगा हाताने ६ तास ३७ मिनिटं, मशीनवर ५७ मिनिटं. आकडे विकणाऱ्याचे आहेत, तेव्हा थोडे हातचे राखून वाचा. पण लांब सरळ शिवणीवर मशीनने बाजी मारली हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळतं. पाय मारला की टीप पळते.

आणि टक घालायला बसलात की दुसरीही गोष्ट कळते. टीप मारायला आता क्षण लागतो, पण घडी आखायला पूर्वीइतकाच वेळ जातो. मशीनला शिवता येतं, कुठे शिवायचं ते कळत नाही. पुठ्ठ्याचा तुकडा, टाचण्या, नखाने घातलेली घडी, सगळं तिथल्या तिथेच. आधी सुई तुमची वाट अडवून होती, आता घडी अडवते आहे. पुढची तीस वर्षं अमेरिकेतले कितीतरी कारागीर या एका अडचणीच्या मागे लागले. आयोवा राज्यातल्या ओटम्वा गावी तर अॅलन जॉन्स्टनची ‘जॉन्स्टन रफलर कंपनी’ उभी राहिली. चुण्या घालणाऱ्या मूठभर आकाराच्या अवजाराचं नाव एका अख्ख्या कंपनीने लावावं, एवढी त्याला मागणी होती. ओटम्वाला आपण उतरत नाही. आपल्याला कनेक्टिकटला जायचंय.

साल १८९६, जून महिना, न्यू हेवन शहर. खिडक्या उघड्या आहेत, रस्त्यावरून घोड्यांच्या टापा ऐकू येतात. याच शहराच्या वेस्टव्हिल भागात जॉन ग्रीस्टच्या कंपनीत रफलर, टकर, हेमर ही अवजारं घडतात आणि निरनिराळ्या मशीन कंपन्यांना जातात. तुमच्यासमोर मात्र सिंगरचं मशीन आहे. काळं कुळकुळीत, वर सोनेरी वेलबुट्टी, खाली बिडाचा पायटा, चामड्याचा पट्टा. हप्त्यांवर घेतलेलं आहे. हप्त्याने मशीन विकण्याची रीत सिंगरने १८५६ पासूनच पाडली आहे.

कंपनीच्या दुकानातून शिकवायला आलेली बाई मशीनच्या ड्रॉवरमधून ओकच्या लाकडाची एक पेटी काढते. लांबीला वीतभर, जाडीला चारेक बोटं. ती पेटी तुमच्या हातात देते आणि म्हणते, “उघडा.”

झाकण सापडत नाही. तुम्ही ती फिरवून बघता. मग एक कड सुटते आणि पेटी बिजागऱ्यांवर उलगडत टेबलावर सपाट पसरते. आतून मखमल, आणि त्या मखमलीवर ज्याच्या त्याच्या जागी घट्ट बसवलेली, निकेलचा मुलामा दिलेली अवजारं. या पेटीचं पेटंट १९ फेब्रुवारी १८८९ चं. वेगवेगळ्या रुंदीची काठाची दुमड घालणारे हेमर, कडेला पट्टी चढवणारा बाइंडर, कापडाच्या खालून वेणीची नक्षी शिवणारं एक साधन, रजईच्या समांतर टिपांसाठी क्विल्टर, स्क्रूड्रायव्हर, सुया, लांब बारीक बॉबिनी. मधोमध दोन बोजड तुकडे. एक रफलर, दुसरा टकर. बाकीच्यांकडे आज बघायचं नाही.

नैनसुखाचा परकर शिवायचा आहे, उन्हाळ्याच्या पांढऱ्या झग्याखाली घालायचा. नैनसुख मूळ आपल्याकडचं मलमलीच्या जातीचं कापड, इथे आता गिरणीचं मिळतं. परकराचा खालचा घेर तीन वार आहे. झालर त्याच्या दुप्पट हवी, म्हणजे सहा वारांची पट्टी. तुम्ही ती कापून, तुकडे जोडून, एका काठाला हेमरने बारीक दुमड घालून ठेवली आहे. क्लार्कचा ओ. एन. टी. दोरा रिळावर आहे.

रफलर हातात घ्या. जड आहे. वरच्या बाजूला एक आडवा दांडा आणि त्याच्या टोकाला काट्यासारखी दोन बोटं. मशीनच्या दांडीचा स्क्रू सैल करून नेहमीचा फूट काढायचा, तिथे रफलर चढवायचा आणि ती दोन बोटं सुई आवळणाऱ्या स्क्रूभोवती बसवायची. आता चाक हाताने सावकाश फिरवा. सुई खाली-वर झाली, तिच्याबरोबर दांडा खाली-वर झाला आणि खाली, सुईच्या पायाशी, निळसर पोलादाचं एक पातळ पातं पुढे सरकून मागे आलं. त्याच्या पुढच्या काठाला बारीक दाते आहेत. पुन्हा फिरवा. पातं दर टाक्याला कापडाची एक चिमूट धरतं, सुईखाली ढकलतं आणि पुढची चिमूट आणायला मागे जातं. वेगळी ताकद नाही, वेगळी चावी नाही. सुईची जी चाल आहे तीच चोरून हे अवजार आपलं काम करतं. १८५० च्या त्या संध्याकाळी सुईच्या टोकाने एकेक चुणी खाली ओढून बसवणारं बोट ते हेच, इथे पोलादात उतरलेलं.

दात्यांच्या पात्याखाली आणखी एक गुळगुळीत निळं पातं आहे. झालरीची पट्टी या दोन पात्यांच्या मध्ये घालायची. परकराचं कापड दोन्हींच्या खाली, थेट मशीनच्या दात्यांवर. वरच्या पात्याने फक्त वरचं कापड गोळा करायचं, खालचं सरळ चालत राहायचं, आणि टीप दोघांना एकदम जोडणार. चुण्या घालणं, वाटणं, टाचणं आणि जोडणं ही चार कामं एका टिपेत.

तुमचा पाय पायट्यावर गेलाय. बाई हात वर करते. “आधी तुकड्यावर.”

हे तिचं ऐका, कारण इथे मशीनची एक अट आहे. हाताने ओढलेल्या चुण्या नंतर सैल करता येतात, घट्ट करता येतात. रफलरची चुणी एकदा टिपेत गेली की गेली. पट्टी आधी संपली किंवा उरली, तर टीप उसवण्याला पर्याय नाही. म्हणून त्याच कापडाची वीस इंचाची पट्टी घ्यायची, ती रफलरखालून काढायची आणि मोजायची. दुप्पट झालर हवी तर ती दहा इंचांची झाली पाहिजे. तुमची तेरा भरते. रफलरचा स्क्रू थोडा फिरवा, पात्याची झेप लांबेल, चुणी खोल पडेल. पुन्हा तुकडा. आता साडेनऊ. मशीनचा टाका जरा लांब करा, चुण्या विरळ होतील. झेप आणि टाका, या दोन गोष्टी एकमेकींशी जुळवत आणायच्या. झेप लांब आणि टाका आखूड ठेवलात तर चुण्या दाटीवाटीने बसतात, झेप आखूड आणि टाका लांब ठेवलात तर नुसती लाट उठते. झेप किती वाढवायची यालाही मर्यादा आहे, पातं सुईच्या वाटेत आलं तर सुई मोडते.

दहा इंच. पट्टी लावा.

आवाज बदललाय, ऐका. साध्या टिपेची सलग घरघर आता नाही. प्रत्येक टाक्याला एक टक् असा धातूचा ठोका पडतो आणि पायाची लय आपोआप त्या ठोक्याशी जुळते. उजव्या हाताने पट्टी सैल सोडत राहा, ओढू नका, ढकलू नका; पात्याला हवं तेवढं ते घेतं. डाव्या हाताने खालचं कापड सरळ धरा. मागच्या बाजूने झालर बाहेर येते आहे, एकसारखी, दर चुणी मागचीएवढीच. तीन वारांचा घेर संपतो तेव्हा खिडकीतलं ऊन टेबलाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यातसुद्धा गेलेलं नसतं.

आता टकर. दोघांत माझा ओढा याच्याकडे जास्त आहे, आणि तो का ते तुम्हाला पाच मिनिटांत कळेल.

रफलर नुसता ताकदीने चुण्या ढकलतो. टकर लक्षात ठेवतो. त्याच्यावर दोन छोट्या मोजपट्ट्या कोरलेल्या आहेत. एकीवर टकाची रुंदी, तिचा एकेक आकडा म्हणजे इंचाचा आठवा भाग. दुसरीवर टकांमधलं अंतर. रुंदी २ वर ठेवलीत तर टक पाव इंचाचा. अंतराचा दर्शकही २ वरच ठेवलात तर टक एकमेकांना चिकटून बसतात, मध्ये कापड दिसतच नाही. तो २ च्या पुढे जितका सरकवाल तितकी मोकळी जागा. आकडे लावा, स्क्रू आवळा.

पहिली घडी हातानेच घालायची आहे. धागा ओढून किंवा मोजून, पण सरळ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं राहणार. घडी टकरमध्ये उजव्या बाजूच्या मार्गदर्शकाला टेकवून सरकवा. डावीकडचं कापड एका खाचेच्या पात्यावरून आणि एका धारेच्या पात्याखालून जातं. पाय मारा. सुई टकाची टीप घालत जाते, आणि दर वेळी खाली येताना सुईचा क्लॅम्प टकरच्या दांड्यावर आपटतो, धारेचं पातं खाचेत दाबलं जातं आणि कापडावर एक बारीक मुरड उमटते. टीप पडते इथे, मुरड उमटते तिथे, ठरवलेल्या अंतरावर.

टक संपला. कापड काढून उजेडात धरा. पुढच्या टकाची रेघ आखून तयार आहे. पेन्सिल लागली नाही, पुठ्ठा लागला नाही. त्या मुरडीवर कापड दुमडा, मार्गदर्शकाला टेकवा, पुन्हा पाय मारा. हा टक शिवला जाईपर्यंत तिसऱ्याची मुरड पडलेली असेल. पहिली घडी सरळ घातली, कापड कुठे ओढलं नाही, तर बारावा टक पहिल्याएवढाच येतो. आठवा ती साठत जाणारी चूक. तिच्याशी झुंजायला ज्यांनी पूर्वी डोळे घातले, त्यांची नजर कुणीतरी धातूच्या दोन पात्यांत बसवली आहे. शिवणाच्या मशीनइतकं हे अवजार गाजलं नाही, पण बुद्धीच्या दृष्टीने मला ते त्याच्या तोडीचं वाटतं.

शेवटच्या टकाला मात्र मुरड पाडणारा दांडा बाजूला करायला विसरू नका, नाहीतर पुढे टक नसलेल्या जागी एक अनाथ रेघ राहते. कापडाचाही विचार करा. लॉन, नैनसुख, कॅम्ब्रिक, किंचित खळ असलेलं कुठलंही सुती कापड मुरड धरून ठेवतं. लोकरीवर आणि निसरड्या रेशमावर ती टिकत नाही. तिथे अजून हातानेच आखावं लागतं. आणि कापड बेतताना टकांचा हिशेब आधी करा. पाव इंचाचा एक टक अर्धा इंच कापड खातो; बारा टकांना सहा इंच जादा लागणार. माया सोडताना हे सहा इंच धरले नाहीत तर परकर गुडघ्यावर येईल.

संध्याकाळी शिकवणारी बाई निघून जाते. परकर खुर्चीच्या पाठीवर टाकलेला आहे. झालर, तिच्यावर टकांची एक पट्टी. तुमचा वेळ उरलाय. आता तुम्ही काय करता ते नीट पाहा. उठून बागेत जात नाही. टकांची आणखी एक पट्टी घालायला बसता.

साऱ्या देशात हेच झालं. अवजारांनी वेळ वाचवला आणि त्या वाचलेल्या वेळात नटवेपणा वाढला. १९०० च्या आसपासचे पांढरे उन्हाळी झगे बघा. छातीवर सुईएवढे टक, बाह्यांवर टक, घेरावर झालरीवर झालर, मध्ये लेसच्या पट्ट्या. पूर्वी असा झगा फक्त श्रीमंताघरी दिसायचा, कारण त्याच्यामागे कुणाच्या तरी आठवड्यांची नजर खर्ची पडायची. आता शिक्षिकेच्या, कारकून मुलीच्या अंगावरही तो आला. मला यात वाईट काही दिसत नाही. सुंदर वस्तू आपल्या हाताने, आपल्या मापाने, आपल्या घरात करता येणं हे फार मोठं सुख आहे आणि त्या पेटीने ते लाखो घरांत नेलं.

पण टक फक्त घरात घातले जात नव्हते.

साल १९०९, नोव्हेंबर, न्यू यॉर्क. पाच मिनिटंच थांबायचं आहे. मॅनहॅटनमधल्या एका उंच इमारतीत लांबच लांब टेबलं, प्रत्येकावर मशिनांची रांग, सगळी मशिनं टेबलाखालच्या एकाच फिरत्या दांड्यावर चालणारी. इथे शर्टवेस्ट शिवले जातात, पुढे टक घातलेले बायकांचे ब्लाउज. तुम्ही टकर आहात. इथे टकर हे अवजाराचं नाव नाही, कामगार मुलीचं आहे. तुमच्या मशीनला एक सुई नाही, ओळीने अनेक सुया आहेत, आणि एका फेरीत कापडावर टकांची अख्खी पट्टी उमटते. दिवसभर तेवढंच. झगा पुरा झालेला तुम्हाला दिसत नाही. कितीतरी कारखान्यांत सुयांचे, दोऱ्याचे, विजेचे पैसे मजुरीतून कापतात. २२ नोव्हेंबरला कूपर युनियनच्या सभागृहात क्लारा लेमलिच ही तरुण कामगार उठून यिडिशमध्ये बोलते आणि वीस हजारांवर कामगार, बहुतेक मुली, संपावर जातात. सव्वा वर्षाने, २५ मार्च १९११ रोजी, ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीला आग लागते. बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद. १४६ माणसं मरतात.

घरच्या खोलीतला टक आणि त्या उंच इमारतीतला टक शिवताना पातं तेच काम करतं. मशीन कुणाचं, वेळ कुणाचा आणि काम कधी थांबवायचं ते कोण ठरवतो, एवढ्यावर सगळं अवलंबून असतं. टक-झालरींचं कौतुक करताना त्या १४६ जणांचं स्मरण ठेवणं मला आवश्यक वाटतं.

आता घरी या. साल १९३५, गिरगावातली चाळ, दुसरा मजला, श्रावणातली दुपार.

सिंगरची मशिनं इकडे केव्हाच पोचली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कंपनीचा हिंदुस्थानातला कारभार एन. एम. पटेल हे पारशी गृहस्थ पाहत होते, आणि माल यायचा तो बहुतेक स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या प्रचंड कारखान्यातून. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात १९०९ पासून बायकांना इतर विषयांबरोबर शिवणही शिकवलं जातंय. यंत्रांविषयी एवढं कडक बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राला मात्र सूट दिली. बायकोचे शिवताना होणारे कष्ट बघून सिंगरने ते केलं, त्याच्यामागे माया होती, असं त्यांचं म्हणणं होतं. सिंगरचं प्रत्यक्ष घरगुती आयुष्य काही तसं साधं-सरळ नव्हतं, पण मशीनने बाईच्या पाठीवरचा भार उतरवला हे गांधीजींचं निरीक्षण अचूक होतं.

खोलीत मशीनपाशी एक काकू आणि शेजारची दहा-अकरा वर्षांची मुलगी आहे. ओकची पेटी आता नाही; अटॅचमेंट हिरव्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात. काकूंनी रफलर लावलाय, पण १८९६ पेक्षा तो शहाणा झालाय. पुढच्या बाजूला एक चकती आहे, तिच्यावर १, ६, १२ असे आकडे आणि एक चांदणी. १ वर ठेवलं की दर टाक्याला चुणी, ६ वर सहा टाक्यांना एक, १२ वर बारा टाक्यांना एक. चांदणीवर ठेवलं की पातं गप्प बसतं आणि साधी टीप पडते. चुण्यांचा घोस, मग थोडी सपाट जागा, मग पुन्हा घोस, हे सगळं टीप न तोडता. वायलचा फ्रॉक आहे, भाचीच्या वाढदिवसाचा.

मुलगी पट्टी धरून बसली आहे आणि घाईने मागून ओढते आहे.

“अगं, ओढू नकोस. त्याला हवं तेवढं खाऊ दे.”

“काकू, मग मी काय करू?”

“सरळ धर. नुसती सरळ धर.”

तुम्ही दाराशी उभे राहून ऐकता, तीच टक् टक्. फ्रॉक झाल्यावर अभ्र्याला झालर लागणार आहे, आणि पुढच्या महिन्यात नव्या बाळासाठी झबली, टोपरी. झबल्याच्या पुढे तीन टक घालायचे, असं काकू म्हणतात, म्हणजे बाळ वाढलं की ते उसवून झबलं मोठं करता येईल. तुमच्याआमच्या आजीचं हे शहाणपण: टक शोभेचा, आणि वर पुढच्या वर्षाचं कापड त्यात शिल्लक.

तिथून थेट आजवर आलात की पहिल्यांदा घरातलं जुनं मशीन शोधा. माळ्यावर असेल, गॅलरीत टेबल म्हणून वापरात असेल. त्याच्या ड्रॉवरमध्ये हात घाला. बॉबिनी, खडू, तुटकी बटणं यांच्याखाली एखादा जड, काळपट तुकडा सापडेल, टोकाला दोन बोटं असलेला. तो रफलर. दोन बारीक मोजपट्ट्या कोरलेला चपटा तुकडा सापडला तर तो टकर, आणि तुमचं नशीब फार चांगलं. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा, सांध्यांवर मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. पाती गंजलेली असली तरी घाई करून वाकवू नका. आपल्याकडची सरळ टिपेची काळी घरगुती मशिनं बहुतेक याच मापाची असतात. फुटाच्या स्क्रूला रफलर बसतो का आणि त्याची बोटं सुईच्या स्क्रूवर नीट अडकतात का, एवढं पाहा, मग चाक हाताने एक फेरी फिरवून पातं सुईला लागत नाही ना याची खात्री करा. जुन्या धोतराची वीस इंच पट्टी घ्या, पाय मारा आणि मोजा. भंगारवाल्याला ड्रॉवर रिकामा करून देण्याआधी एवढं एकदा कराच.